माझ्या पोटातला पहिल्या वेचणीचा कापूस

मित्रांनो, झरी गावात गुलाबरावांच्या घरी गेलात तर दाराच्या मागे खुंटीला एक नारिंगी, बिनबाह्यांचं, जागोजाग ठिगळं लावलेलं काहीतरी लटकलेलं दिसेल. तेच मी. मी एक जुनं लाइफ जॅकेट आहे. पुरात माणसाला बुडू द्यायचं नाही, एवढ्या एकाच कामासाठी माझा जन्म झाला. ते काम मी आयुष्यात एकदाही केलेलं नाही. उलट एकदा माझ्यामुळे एक माणूस बुडणारच होता. तरी मी आज समाधानात आहे, आणि त्याचं श्रेय दोघांना आहे. एक भिमाबाई आणि दुसरा एक दगड.

माझा जन्म समुद्राजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायांनी माझ्या पोटात फोमचे जाड तुकडे भरले, पाठीवर चमकणारी पट्टी शिवली आणि गळ्यात एक शिट्टी बांधली. मग एका माणसानं मला वजन बांधून पाण्याच्या टाकीत टाकलं. मी बुचासारखा वर आलो. तो म्हणाला, "पास." मला वाटलं, आता आपण बोटीवर जाणार, लाटा बघणार. मला ट्रकात घातलं आणि ट्रक समुद्राकडे पाठ करून निघाला. बराच वेळ चालला. उतरलो तर बुलडाणा जिल्हा, आणि तोही भर उन्हाळ्यात.

झरी हे गाव जानेफळहून आतल्या बाजूला. मी आलो तेव्हा गावच्या नाल्यात पोरं क्रिकेट खेळत होती आणि प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. आता तुम्ही म्हणाल, अशा गावाला लाइफ जॅकेट कशाला? तोच प्रश्न गावालाही पडला होता. पण आपत्तीच्या तयारीची योजना आली होती, आणि योजना काही गावाला तहान लागलीय का ते विचारून येत नाही. प्रत्येक गावातून एक माणूस प्रशिक्षणाला बोलावला होता. झरीतून कोणीच तयार होईना. मग कळलं की दुपारचं जेवण आहे. गुलाबराव लगेच उभे राहिले आणि म्हणाले, "गावासाठी म्या जातो."

गुलाबराव म्हणजे तीन एकरांचे मालक, मनानं चांगले, फक्त चार माणसं बघत असली की त्यांची छाती आपोआप फुगते. प्रशिक्षण झालं, जेवण झालं, मी त्यांच्या हातात पडलो. पिशवी नव्हती म्हणून त्यांनी मला अंगातच घातलं आणि तसेच एसटीनं घरी आले. पारावर त्यांचा लंगोटीयार जानराव बसला होता.

"काय बे गुलाब, महामार्गाच्या कामावर लागला का?"

"हे पुराचं ज्याकीट हाये. हे घातलं का माणूस बुडत नाय."

जानरावनं नाल्याकडे पाहिलं. "बुडायले पाणी तं लागीन ना बे."

पुढच्या आठवड्यात प्रशिक्षण देणारे लक्ष्मीकांत साहेब प्रात्यक्षिकाचा फोटो काढायला आले. प्रात्यक्षिकाला पाणी पाहिजे. गावात पाणी फक्त टँकरमध्ये. साहेबांनी टँकरकडे नुसतं पाहिलं तर भिमाबाई, म्हणजे गुलाबरावांची बायको, हंडा घेऊन आडवी उभी राहिली. "साहेब, ते प्याचं पाणी हाये. त्यात आमचे हे पोहले तं ते कोणी पिणार नाय. म्या तं नायच पिणार."

शेवटी कोरड्या नाल्यातच काम भागवायचं ठरलं. गुलाबराव मला घालून वाळूत पालथे पडले. साहेब म्हणाले, "हात मारा." त्यांनी हात मारले. "पाय हलवा." त्यांनी पाय हलवले. मागून त्यांचीच शेळी आली आणि माझा एक पट्टा चावायला लागली. फोटो फार छान आला. नाल्याच्या पात्रात गुलाबराव पोहत आहेत, मागे शेळी. तो फोटो मोठा करून, काच लावून घरात टांगला. आणि मित्रांनो, त्या दिवसापासून गुलाबरावांना आपल्याला पोहता येतं असं मनापासून वाटायला लागलं. एक सांगतो, वाळूत ते खरंच चांगले पोहले होते.

पुढे बरीच वर्षं पूर आला नाही. पूर येईना तर मी काय करणार? रिकाम्या हातानं बसायची मला सवय नाही, आणि भिमाबाईला कोणतीही वस्तू रिकामी बसलेली बघवत नाही. मला काठीवर चढवून तुरीच्या वावरात बुजगावणं केलं. पहिल्या दिवशी रोही, म्हणजे नीलगायी, मला बघून पळाले. मग थोडे जवळ आले. हंगाम संपता संपता एक रोही माझ्याच खांद्याला पाठ घासत उभा राहायचा. मग मी सूनबाईंच्या कामी आलो. सारिका गावच्या अंगणवाडीत सेविका. तिचा नवरा संघर्ष शेगावला नोकरीला. तिला स्कूटी शिकायची होती. ती मला घालून शिकली. उकिरड्यात पडली, कुंपणात पडली, एकदा तर उभ्या गाडीवरूनच पडली, पण एक बरगडी दुखावली नाही. घरी येऊन सासूला म्हणाली, "मामी, हे ज्याकीट लय कामाचं हाये." तेवढं कौतुक मला कित्येक वर्षं पुरलं.

नंतर मात्र मला विसरले. सारिका स्कूटी चालवायला शिकली, वावराला तारेचं कुंपण आलं, आणि मी माळ्यावर गेलो. तिथं उंदरांनी माझ्या पोटात संसार थाटला. फोमचे तुकडे कुरतडून कुरतडून त्यांनी भुगा केला आणि तो कुठे कुठे नेला ते त्यांनाच माहीत.

आता भिमाबाईची एक सवय सांगतो. तिच्या घराच्या मागच्या खोलीत भिंतीला लागून मडकी मांडलेली असतात, एकावर एक. एकात डाळ, वरून राख लावलेली, कीड लागू नये म्हणून. एकात ज्वारी. डब्यांत शेवया, कुरडया, मुगाच्या वड्या, वाळवलेली हरभऱ्याची भाजी. कोपऱ्यात गोवऱ्या, वर प्लास्टिक टाकलेलं. उन्हाळाभर तिचं हेच चालायचं. ती लहान असताना एका दुष्काळात तिच्या आईनं चार लेकरांना आंबाडीच्या पाल्यावर महिना काढायला लावला होता. ती चव तिच्या जिभेवरून गेली नाही, आणि ती चव आपल्या घरात कोणाला कळू द्यायची नाही एवढंच तिनं ठरवलं होतं. गुलाबराव मात्र रोज चिडवायचे.

"वामनरावचं दुकान बंद करतं का काय तू? दोन माणसं अन एक सून, इतकं कोण खाईन?"

"खाणारे येतात," भिमाबाई म्हणायची. बस. आणि लगेच पुढचं मडकं भरायला घ्यायची.

तर एका दिवाळीत साफसफाईत मी तिच्या हाती लागलो. तिनं मला उलटं केलं, झटकलं, पोट रिकामं दिसलं. माझी तिला दया आली. कापूस घरातच होता, पहिल्या वेचणीचा, पांढराशुभ्र. त्यातला चांगला निवडून, पिंजून, तिनं माझ्या पोटात ठासून भरला आणि गोधडीला घालतात तसे बारीक टाके घातले. मित्रांनो, इतक्या मायेनं मला कारखान्यातही कोणी भरलं नव्हतं. मी गुबगुबीत झालो. ऊबदार झालो. गुलाबरावांनी मला दाबून पाहिलं आणि म्हणाले, "पहिल्यापेक्षा भरीव झालं की." भिमाबाई हसली. कापसाचं काय होतं हे मला ठाऊक होतं, पण मला जीभ नाही. शिट्टी होती, तीही उंदरांनी नेली.

मग एका पावसाळ्यात ते झालं. श्रावणात पाऊस लागला तो थांबेचना. एका दुपारी वरच्या अंगाला असा काही कोसळला की नाला पूल गिळून वाहायला लागला. वीज गेली. मग मोबाइलची चार्जिंग गेली. खालच्या आळीतल्या घरांत पाणी शिरलं, ती माणसं उंचावरच्या बुद्धविहारात येऊन राहिली. वामनरावचं दुकान पहिल्याच संध्याकाळी रिकामं झालं. गहू सगळ्यांच्या घरी होता, पण गिरणी विजेवर चालते, म्हणून पीठ नाही.

पण उपाशी कोणी राहिलं नाही. भिमाबाईनं मागच्या खोलीतली मडकी काढली आणि विहारात चूल मांडली. गोवऱ्या कोरड्या होत्या. तिचं बघून दुसऱ्या घरांतूनही मडकी निघायला लागली. कोणाच्या माळ्यावर वड्या होत्या, कोणाच्या पेटीत शेवया. गावातल्या सगळ्या बायांनी काही ना काही दडवून ठेवलेलं होतं आणि एकाही बाप्याला त्याचा पत्ता नव्हता. ज्वारीच्या घुगऱ्या, कुरडईची भाजी, वड्यांचा रस्सा. लोक म्हणायला लागले की लग्नातही असं जेवलो नव्हतो.

एकच गोष्ट गावात कुठेच नव्हती. चहापत्ती. वामनरावकडे मेणबत्त्या उरल्या, खराटे उरले, पत्ती सगळ्यात आधी संपली. आणि गुलाबरावांना दिवसाला सहा वेळा चहा लागतो. पहिल्या दिवशी त्यांचं डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी ते शेळीवर ओरडले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते फोटोसमोर जाऊन उभे राहिले, वाळूत पोहणाऱ्या स्वतःकडे बराच वेळ पाहत. मग त्यांनी मला खुंटीवरून काढलं.

नाल्याच्या काठी येऊन त्यांनी जाहीर केलं, "म्या पल्याड जातो. गावासाठी पीठ आणतो."

"पीठ कशाले बे?" जानराव म्हणाला. "आताच तं तुह्या घरची भाजी खाऊन आलो."

"गाव उपाशी हाये."

"गाव ढेकर देऊन राह्यलं."

पण माणूस निघालाच म्हटल्यावर लोकांना आपापली कामं आठवली. कोणी म्हणालं, येताना माझा मोबाइल चार्ज करून आणजो. दुसऱ्यानंही दिला. बघता बघता गुलाबरावांच्या गळ्यात मोबाइलांची एक पिशवी लटकली. वामनरावनं नव्या मालासाठी निरोप दिला. एकानं तर मेहकरहून शेवचिवडा सांगितला. पाणी तांबडं, फेसाळलेलं, मधून बाभळीची अख्खी झाडं वाहत चाललेली. त्यात एक माणूस उतरणार होता, ज्याला पोहता येत नव्हतं, आणि त्याच्या अंगावर मी होतो, ज्याच्या पोटात कापूस होता. मी आतून ओरडत होतो. ओरडून काय होणार?

तेवढ्यात सारिकानं सांगितलं म्हणून भिमाबाई विहारातून धावत आली. हात वड्यांच्या रश्श्यात बरबटलेले. नवऱ्याला अडवलं तर तो हट्टाला पेटतो हे तिला ठाऊक. ती नुसती पुढे झाली आणि माझे पट्टे नीट बांधायला लागली. पाऊस भुरभुरत होता. मी सकाळपासून भिजलो होतो. तिनं माझी एक बाजू हातात धरली आणि ती थबकली.

"थांबा जरासे."

"आता काऊन?"

"जड लागून राह्यलं." तिनं सुनेकडे पाहिलं. "सारिका, दिवाळीत आपण नाल्यात गोधडी धुतली होती, याद हाये?"

"हाव मामी. दोघीनं ओढली तरी वर येत नोती. तुमी म्हणे, हिच्यात कोणी बसलं काय."

"याच्यात बी कापूसच हाये," भिमाबाई हळूच म्हणाली.

गुलाबराव म्हणाले, "याच्यात तं फोम असते. साहेबानं सांगतलं होतं."

"फोम उंदरानं नेला. म्या कापूस भरला. आपल्या वावरातला."

गुलाबरावांचा चेहरा मऊ झाला. "पहिल्या वेचणीचा?"

"हाव."

"मंग काय चिंता हाये?"

आणि मित्रांनो, इथं एक गंमत झाली, जी आपल्या कापसाच्या मुलखातच होऊ शकते. समोर नाला गर्जत होता आणि सगळे पुढे येऊन माझं पोट दाबून बघायला लागले. जानरावनं टाक्यातून बोट घालून एक बोंडभर कापूस बाहेर काढला, ओढून धागा पाहिला आणि म्हणाला, "माल एक नंबर हाये." वामनराव म्हणाला, "पहिल्या वेचणीचा फुलावाणी हलका असते, हा कशाचा बुडते." कोणी भाव विचारला. पुराच्या काठावर माझा बाजार भरला, आणि सगळ्यांचं एकमत झालं की इतक्या चांगल्या कापसात माणूस बुडणं शक्यच नाही.

फक्त भिमाबाई पटली नव्हती. ती म्हणाली, "सारिका, घरून वरवंटा आण."

"वरवंटा कशाले?" गुलाबरावांनी विचारलं.

"आधी त्याले पोहू द्या. जे माणसाले धरते ते वरवंट्याले काऊन नाय धरणार?"

"तू माह्यी बराबरी वरवंट्यासंग करून राह्यली?"

"नाय. वरवंटा गप बसते."

जानराव मोठ्यानं हसला, आणि त्या हसण्यामुळेच गुलाबरावांना मला अंगातून काढावं लागलं. वरवंटा आला. भिमाबाईनं तो माझ्या पोटाशी घट्ट बांधला, मला दोर लावला आणि काठाजवळच्या पाण्यात सोडलं.

मी तरंगलो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं की माझंच काहीतरी चुकतंय, पहिल्या वेचणीची गोष्टच वेगळी असेल. गुलाबरावांनी पायजमा वर खोचला. "पाह्यलं? आण इकडं ते."

भिमाबाईनं दोर सोडला नाही. "राहू द्या अजून. नाला काय एका उडीत पार होते?"

मग मी पाणी प्यायला लागलो. मला थांबवताच येईना. आधी डावा खांदा गेला, मग मी तिरका झालो, मग वरवंट्यानं मला खाली बोलावलं आणि मी गेलो. जितक्या वेळात माणूस नाल्याच्या मधोमध पोहोचला असता, बरोबर तितक्या वेळात. वर फक्त दोर राहिला, ताणलेला.

मला ओढायला जानरावसकट चौघं लागले. बाहेर काढल्यावर माझ्यातून इतकं पाणी निघालं की शेळी दूर जाऊन उभी राहिली. गुलाबराव एका दगडावर बसले होते. खोचलेला पायजमा त्यांनी पुन्हा खाली सोडला होता. जानरावनं त्यांच्या गळ्यातली मोबाइलांची पिशवी काढून घेतली. "चाल बे घरी," एवढंच म्हणाला. त्यानं त्या दिवशी पुन्हा चेष्टा केली नाही.

घरी आल्यावर भिमाबाई मागच्या खोलीत गेली. मला अंगणात तारेवर टाकलं होतं, मला सगळं दिसत होतं. तिनं सगळ्यात खालचं मडकं काढलं, डाळीत हात घातला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली चहापत्तीची पुडी वर आली. शेळीचं दूध होतंच. थोड्या वेळानं गुलाबरावांच्या हातात कप होता.

त्यांनी आधी कपाचा वास घेतला. "पत्ती होती घरात?"

"आखरीची ठेवली होती. अजून वाईट दिवस आले तं म्हणून."

"मंग मले काऊन नाय सांगतलं?"

"तुमी पीठ आणतो म्हणे," भिमाबाई म्हणाली. "पत्तीसाठी चाललो म्हणले असते तं तवाच देली असती."

चहा पिऊन झाल्यावर गुलाबरावांनी कप स्वतः धुतला. सारिका सांगते की तिनं या घरात हे पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी भिंतीवरचा तो फोटो उतरवला आणि माळ्यावर ठेवून दिला. त्या मडक्यांवरून त्यांनी पुन्हा कधी चिडवलं नाही. यंदा तर कुरडयांची खाट राखायला तेच काठी घेऊन बसले होते.

पाणी ओसरलं, पूल दिसायला लागला. पुढे गावात नवी जॅकेटं आली. लक्ष्मीकांत साहेब फोटो काढायला तयारच होते. भिमाबाईनं त्यांच्या हातात वरवंटा दिला. "साहेब, आधी हे पोहून दाखवा. अन बसा जरासे, लगेच जाऊ नोका." तेव्हापासून दर वर्षी पेरणीच्या आधी गावच्या विहिरीत प्रत्येक जॅकेटची अशी परीक्षा होते. सगळं गाव बघायला येतं. लोक काठावर बसून चहा पितात, आणि जे जॅकेट चहा संपेपर्यंत तरंगेल तेच पास.

माझा कापूस काढून त्यांनी वाळवला. त्याची गुलाबरावांना उशी झाली. माझं पोट पुन्हा रिकामं झालं, पण भिमाबाईला रिकामं बघवत नाही हे तुम्हाला माहीत आहेच. तिनं माझे जुने कप्पे नीट शिवून त्यांचे खिसे केले. एकात बॅटरी आणि मेणबत्त्या. एकात माचीस, प्लास्टिकमध्ये. एकात रेशनकार्डाची आणि जमिनीच्या कागदांची झेरॉक्स, एकात तापाच्या गोळ्या आणि मीठ-साखरेच्या पुड्या. आणि डाव्या बाजूला, जिथं माझं काळीज असायला हवं, तिथं चहापत्ती. पळायची वेळ आली तर मला फक्त खुंटीवरून उचलून खांद्यावर टाकायचं. इतकं भरलेलं माझं पोट कधीच नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याही घरी वाईट दिवसासाठी म्हणून काहीतरी ठेवलेलं असेल. बॅटरी असेल, डाळीचा डबा असेल, दोर असेल. ते ठेवलंय म्हणून निर्धास्त झोपू नका. एखाद्या चांगल्या, कोरड्या दिवशी ते खाली काढा, पेटवून बघा, ओढून बघा, वास घेऊन बघा. मायेनं ठेवलेलं असलं तरी बघा. माझ्यात माया कमी नव्हती. आणि घरात कोणी मडकी भरून ठेवत असेल तर तिला हसू नका. एखादं मडकं तुम्हीही भरा.

माझ्या डाव्या खिशातली पत्ती अधूनमधून थोडी कमी होते. कोण काढतं ते मला दिसतं, पण मी सांगत नाही. भिमाबाईलाही ठाऊक असावं, कारण आठवड्याच्या बाजारानंतर खिसा पुन्हा भरलेला असतो. स्वयंपाकघरातून रोज संध्याकाळी पाट्यावर मिरची वाटल्याचा आवाज येतो. तो तोच वरवंटा. तो कधी काही बोलत नाही, ठरल्याप्रमाणे गप बसतो. मी दाराच्या मागे लटकलेला असतो आणि मनातल्या मनात त्याचे आभार मानतो. गुलाबरावांच्या वाटणीचं बुडणं त्यानं बुडून घेतलं, आणि वर येऊन पुन्हा मिरची वाटायला बसला.